खरा दिसणारा हॉल

माझ्या पहिल्या हॉलमधला सोफा हत्तीएवढा दिसत होता. मापं सगळी बरोबर होती, मी ती पुन्हा पुन्हा तपासली होती. बैठक दीड फुटावर, टीपॉय जवळपास तेवढाच, छत दहा फुटांवर. पण स्क्रीनकडे बघितलं की वाटायचं, या घरात कुणीतरी अवाढव्य माणसं राहायला येणार आहेत आणि आपण खाली कुठंतरी दबून बसलोय. सर पाठीमागे येऊन उभे राहायचे, जरा वेळ बघायचे आणि "खोटं दिसतंय" एवढंच बोलून आपल्या टेबलाकडे जायचे. काय खोटं, कुठं खोटं, काही नाही. ताप आहे एवढं सांगून डॉक्टरनं निघून जावं, तसला प्रकार. मला असा राग यायचा की त्यांची पाठ वळली की मी माउस टेबलावर आपटायचे. माउस ऑफिसचा होता, त्यामुळे बेताबेतानंच.

औरंगाबादेत क्रांती चौकाच्या मागच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर ते ऑफिस होतं. सर इंटिरियरची कामं घ्यायचे, पण त्या काळात चलती वेगळ्याच कामाची होती. बीड बायपासच्या दोन्ही अंगांना इमारती उभ्या राहत होत्या, आणि पाया खणायच्या आधीच बिल्डरला आतल्या हॉलचं, बेडरूमचं चित्र हवं असायचं. ते चित्र बघून लोक फ्लॅट बुक करायचे. चित्र तयार व्हायचं संगणकात. भिंती उभ्या करायच्या, फरशी अंथरायची, सामान मांडायचं, दिवे लावायचे, मग एक कॅमेरा ठेवायचा आणि संगणकाला सांगायचं, इथून जे दिसतं ते आता काढ. त्याला रेंडर म्हणतात. आमचे संगणक जुने, दमेकरी. संध्याकाळी रेंडर लावून घरी जायचं आणि सकाळी येऊन बघायचं काय हाती लागलंय. मधे वीज गेली असली तर काहीच नाही.

सरांनी मला कामावर ठेवलं नव्हतं, नुसतं बसू दिलं होतं. माझा कोर्स झाला होता, सर्टिफिकेट होतं, त्याकडे त्यांनी बघितलंही नाही. "एक हॉल असा करून दाखव, की बघणाऱ्याला फोटो वाटला पाहिजे. मग हे टेबल तुझं," म्हणाले.

गावाकडची मुदत वेगळी होती. आमचं गाव पाचोडच्या जवळ. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं, आणि अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सगळी धडपड मोसंबीची बाग टँकरच्या पाण्यावर कशीबशी तगवायची चालली होती. दिवाळीनंतर मला बसमध्ये बसवून देताना खिडकीशी येऊन ते म्हणाले, "पाडव्यापस्तोर बघ. नाय जमलं तर ये घरी. घरी कुणी खाणार नाय तुला."

मायेनंच म्हणाले ते. पण नाय जमलं तर घरी येणं म्हणजे काय, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं. पोह्यांच्या बशा, पाव्हणे, मुलीला काय काय येतं याची चौकशी, आणि मग कुठलं तरी दुसरं गाव. संगणक परत हाताला लागला नसता. मला ते काम फार आवडायचं. रिकाम्या स्क्रीनवर चार भिंती उभ्या राहिल्या, एका भिंतीला खिडकी पाडली आणि तिच्यातून ऊन आत आलं, की मला जे व्हायचं ते दुसऱ्या कशानंही कधी झालेलं नव्हतं. म्हणून तो हॉल खरा दिसणं भाग होतं, आणि तो काही केल्या दिसत नव्हता.

एके दिवशी सर फुरसतीत असावेत. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

"कॅमेरा कुठे ठेवलायस?"

"स्वयंपाकघराच्या दारात."

"किती उंचीवर?"

मी आकडा दाखवला. अडीच फूटसुद्धा नव्हता. सरांना हसू आवरेना. "अगं, रांगतं लेकरू बघतंय का घराकडे? कौन देखता है ऐसे?" मग त्यांचं बोट स्क्रीनच्या मधोमध आलं. "आणि सगळं सामान भिंतींना चिकटवून, मधे एवढं मैदान कशाला सोडलंय?"

"बसायला."

"बसायला सोफा आहे ना!"

"सोफ्यावर किती जण मावणार?"

सर माझ्याकडे बघत राहिले. चेष्टा करतेय की काय, हे त्यांना कळेना. मी चेष्टा करत नव्हते. मी उठून बाहेर गॅलरीत गेले, कारण तिथंच बसले असते तर काहीतरी बोलले असते आणि टेबल त्याच दिवशी गेलं असतं.

गॅलरीत उभी असताना माझ्या लक्षात आलं, की कॅमेरा ठेवला ती जागा मायची आहे. आमच्या घरी कुणी आलं की पुरुषमाणसं पुढच्या खोलीत खाटेवर, खुर्च्यांवर बसतात. माय चहा देते आणि मग स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला टेकून, जमिनीवर बसते. बोलणं सगळं ऐकते, मधेच एखादा शब्द टाकते, पण बाहेर येऊन बसत नाही. मी लहानपणापासून तिला चिकटून तिथंच. मी आयुष्यात बघितलेली प्रत्येक बैठकीची खोली तिथूनच बघितली होती. खुर्च्यांचे पाय, माणसांचे गुडघे, खाटेखाली सरकवलेल्या पेट्या. आणि मधली जागा मोकळीच हवी, कारण माणसं वाढली की सतरंजी तिथंच पडते, जेवायला ताटं तिथंच मांडतात, रात्री अंथरुणंही तिथंच. संगणकानं मला विचारलं होतं, कुठून बघायचंय? आणि माझ्या हातानं मला न विचारताच कॅमेरा मायच्या जागेवर नेऊन ठेवला होता.

मी आत आले आणि कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सोफा सोफ्याएवढा झालेला होता. छत आपल्या जागी गेलं होतं. मी मैदानही भरून टाकलं, मधे गालिचा, त्यावर टीपॉय. सर आले, बघितलं. "आता घर वाटतंय. पण खोटं घर वाटतंय."

आता काय कमी होतं ते माझं मलाच कळत होतं. माझ्या हॉलमध्ये कडा सुरीसारख्या धारदार होत्या. लाकडाची नक्षी सोफ्याच्या दोन्ही हातांवर हुबेहूब एकच होती. फरशीला सांधे नव्हते. सावल्या काजळासारख्या काळ्या. सगळं नवंकोरं, कुणी हात न लावलेलं. खरा हॉल कसा असतो ते बघून यायला हवं होतं, म्हणजे शहरातल्या दोन खोल्या-स्वयंपाकघर असलेल्या फ्लॅटचा हॉल, जसा बायपासवर बांधणार होते तसा. आणि तिथंच गाडी अडली. कारण मला औरंगाबादेत येऊन वर्ष उलटून गेलं होतं आणि या शहरातल्या एकाही घराचा हॉल मी आतून बघितलेला नव्हता.

हे कळलं तेव्हा माझा विश्वास बसेना. मी आठवत बसले. कोर्सच्या वर्गातल्या मुली क्लास सुटला की आपापल्या स्कूटीवरून निघून जायच्या. घरमालकीणबाईंनी किल्ली दिली ती जाळीच्या दारातून, भाडं घेतलं तेही जाळीच्या दारातूनच. सरांचं घर कुठं आहे तेही मला ठाऊक नव्हतं. शहरातलं माझं आयुष्य वर्ग, ऑफिस, शेअर रिक्षा आणि गच्चीवरची खोली एवढ्यात मावत होतं. रस्ते सगळे पाठ झाले होते, आणि आत कुठंच गेले नव्हते.

खोलीत आधी आम्ही दोघी होतो. माझी पार्टनर कन्नड तालुक्यातली, अखंड बडबड करणारी. नळाला पाणी येण्यातलं दिवसांचं अंतर वाढत गेलं, आणि घरमालकीणबाईंनी सांगितलं, वरच्या खोलीला एकच ड्रम मिळेल, त्यात काय ते भागवा. एका ड्रममध्ये दोघींचं भागेना. आधी आम्ही त्यावरून हसलो, मग भांडलो, मग एका सकाळी तिनं बॅग भरली. "पाऊस पडला की येते," म्हणाली. ती काही परत आली नाही. तिची बडबड मला नकोशी व्हायची, आणि ती गेल्यावर मी तिची खाट हलवलीसुद्धा नाही. संध्याकाळी भाकरी टाकायची आणि खोलीच्या मधोमध ताट घेऊन बसायचं. समोर कुणी नाही. कधी कधी ऑफिसातून निघाल्यापासून दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरेपर्यंत माझ्या तोंडातून एक शब्द निघालेला नसायचा. मला फार एकटं वाटायचं. रडू यायचं नाही. चिडचिड व्हायची, ड्रमवर, भाकरीवर, संगणकावर.

मग मी दारातून बघायला लागले. आमची इमारत तीन मजली, खोली सगळ्यात वर गच्चीवर, आणि जिना सगळ्यांच्या दारांवरून जाणारा. उन्हाळा सुरू झाला होता, लाइट जायची, त्यामुळे लोक लाकडी दारं सताड उघडी टाकून जाळीचं दार तेवढं लोटून घ्यायचे. जिना चढताना मी प्रत्येक मजल्यावर पाय जरा रेंगाळवायचे. चपलेच्या पट्ट्याशी चाळा केल्यासारखं करायचं, आणि तेवढ्यात जेवढं दिसेल तेवढं डोळ्यांत भरून घ्यायचं. वर खोलीत पोचेपर्यंत विसरू नये म्हणून मनातल्या मनात घोकायचं.

आणि केवढं तरी दिसायला लागलं. सोफ्याची गादी सगळीकडे सारखी दबलेली नसते. टीव्ही बघणाऱ्याची जागा ठरलेली असते, तिथं खड्डा पडतो आणि त्याच बाजूचा हातही तुळतुळीत होतो. विजेच्या बटणांभोवतीची भिंत बोटांनी काळवंडलेली असते. पडद्याची एखादी कडी सुटलेली असते आणि तिथं पडदा ओठ दुमडल्यासारखा दिसतो. फरशी पुसणाऱ्या फडक्याची एक मळकट रेघ भिंतीच्या तळाशी धावत असते. टीव्हीमागं वायरींचा गुंता. आणि उजेड कधीच पांढराफटक नसतो. गॅलरीतून आत येतो तो झगझगीत, मग फरशीवर आपटून छताला थोडा पिवळा होऊन लागतो, आणि कोपऱ्यांपर्यंत पोचेस्तोवर दमून करडा होतो. माझ्या सावल्या काळ्या का पडत होत्या ते मला त्या जिन्यावर कळलं. मी उजेडाला एकदाच आत सोडत होते, भिंतीवरून भिंतीवर फिरू देत नव्हते.

एकदा पहिल्या मजल्यावर जरा जास्तच रेंगाळले असेन. आतून एक बाई जाळीपर्यंत आल्या. "कोण हवंय?"

"कुणी नाही. वर राहते मी. गच्चीवरच्या खोलीत."

"हो का? मला वाटलं, काही विकायला आलीयेस." त्या हसल्या. स्वभावानं वाईट नव्हत्या. हसतच त्यांनी आतलं लाकडी दार पुढं ओढलं. मी वर गेले, खोलीचं कुलूप काढलं आणि बराच वेळ तशीच खाटेवर बसून राहिले.  मी त्यांच्या घरातलं काही नेलं नव्हतं, तरी चोरी पकडल्यासारखं झालं होतं. आणि खरं सांगायचं तर नेलं होतंच. त्यांच्या सोफ्यातला खड्डा मी दुसऱ्या दिवशी माझ्या सोफ्यात पाडला.

हॉल हळूहळू पालटत गेला. मी कडांना बारीक गोलाई दिली, त्यामुळे उजेड त्यांच्यावर थोडा चमकून थांबायला लागला. फरशीला सांधे पाडले, एका फरशीचा रंग बाकीच्यांपेक्षा किंचित वेगळा केला. पडद्याची कडी सोडवली. सोफ्याच्या एका हातावर वर्तमानपत्र, दुमडलेलं नाही, कुणीतरी वाचता वाचता उठून गेल्यासारखं. आणि कॅमेरा आणून ठेवला मुख्य दारात, उभ्या माणसाच्या नजरेला. सरही तेच म्हणत होते, गिऱ्हाईक दारातून आत येतं, त्याला पहिल्यांदा जे दिसतं तेच दाखवायचं. मला दारातूनच घरं माहीत होती, त्यामुळे तिथून सगळं बिनचूक जमलं.

दाराच्या मागे मी एक निळा ड्रमही ठेवला होता. वर ताटली झाकलेली, ताटलीवर पाण्याचा मग उपडा.

"हे काय?" सर म्हणाले.

"पाण्याचा ड्रम. सगळ्यांच्या घरात असतो, सर."

"म्हणूनच काढ. ड्रम दिसू नये म्हणून तर लोक नवा फ्लॅट घेतात."

मी ड्रम काढला. जीव थोडा खट्टू झाला, कारण निळ्या प्लास्टिकवर उजेड फार छान उतरला होता.

त्या आठवड्यात एक बिल्डर ऑफिसात आले होते. सरांना शोधत माझ्या टेबलापाशी थांबले, स्क्रीनकडे वाकून बघितलं आणि सरांना हाक मारून म्हणाले, "सर, हा कुठला फ्लॅट? एवढं फिनिशिंग कुणाचंय? चला की, दाखवा मला."  सरांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, बस्स. बिल्डर गेल्यावर म्हणाले, "टेबल तुझं."

मला इतका आनंद झाला की तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि सांगायला कुणी नव्हतं. खाली चौकात आले. माणसं, रिक्षा, टँकर, सगळं आपल्या वाटेनं चाललेलं. एका रसवंतीच्या बाकड्यावर बसून मायला फोन लावला.

"माय, जमलं."

"काय जमलं?"

"काम. ठेवून घेतलं मला."

"बरं झालं माय. जेवलीस का?"

पाडव्याला गावी गेले ते त्या हॉलचं मोठं रंगीत प्रिंट गुंडाळी करून, रबर लावून घेऊन गेले. बसमध्ये कुणाचा धक्का लागू नये म्हणून सगळी वाट ते उभं धरून बसले होते. मोसंबीच्या बागेची खालच्या अंगाची झाडं तोडलेली होती.  अण्णांनी प्रिंट हातभर लांब धरून बघितलं, "लई भारी," म्हणाले, आणि मान फिरवून बागेकडे बघायला लागले.  मग टँकर आल्याचा आवाज आला आणि ते तिकडं धावले.

माय मागच्या दारी भांडी घासत होती. राखेचे हात चूळभर पाण्यात विसळून, पदराला पुसून ती आत आली. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि प्रिंट दोघींच्या मधे अंथरलं. गुंडाळीमुळे ते परत परत मिटायला लागलं, म्हणून तिनं एका टोकावर तांब्या ठेवला, दुसऱ्यावर मी हात ठेवला.

माझं काम काय, हे मी तिला कधी नीट सांगितलंच नव्हतं. फोनवर विचारायची तेव्हा मी म्हणायचे, घरं दाखवायचं काम आहे. तिनं त्याचा काय अर्थ लावला होता ते मला त्या दिवशी कळलं.

तिनं चित्र डावीकडून उजवीकडं सावकाश बघितलं. सोफ्यापाशी थांबली. वर्तमानपत्रापाशी थांबली. "कुणीतरी आत्ताच उठून गेलंय बघ," म्हणाली. "वापरतं घर हाय. चांगली माणसं दिसतेत."

  सरांनी सांगितलेलं झालं होतं, माझ्या मायला तो फोटो वाटला होता.

"हे तू कुठून बघितलंस गं?"

"दारातून."

"आत नाय गेलीस?"

"नाय."

"कामून?" तिनं माझ्याकडं बघितलं. "एवढ्या लांबून गेल्यालं लेकरू. बस म्हणलं नाय का तुला कुणी?"

घर खरं नाही, माय, ते मी केलंय, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर ती हसली असती, मीही हसले असते. पण तिनं विचारलेलं खरं होतं. प्रिंट माझ्या हाताखालून सुटून मिटलं. तिनं ते पुन्हा उघडलं नाही. उत्तराची वाट बघत बसली.

"नवीन हाय मी अजून तिथं," मी म्हणाले. "म्हणतील."